म्हाताऱ्याची शेपटी

अप्पांचे धुतलेले लेंगे आणि चष्म्याचं घर न्यायला म्हणून मी त्या रविवारी बेंगळुरात, येलहंक्याला गेले होते. अप्पा म्हणजे माझे वडील. न्हाणीघरात घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं होतं आणि ऑपरेशन होऊन ते हॉस्पिटलात पडून होते. घरी धाकटा भाऊ आणि भावजय. दार भावजयीनं उघडलं, मी आत पाऊल टाकलं आणि क्षणभर वाटलं, आपण दुसऱ्याच कुणाच्या घरात शिरलो.

हॉलला नवा रंग लावला होता. अप्पांची वेताची खुर्ची गायब. समोरच्या भिंतीवर छतापर्यंत गेलेलं लाकडी कपाट, मधे भला मोठा टीव्ही आणि त्याच्याखाली, एका कोनाड्यात बसवलेला, अप्पांचा माशांचा टँक. टँकमध्ये जांभळे-निळे दिवे लावलेले. खाली निळेजर्द खडे, त्यावर प्लास्टिकचा किल्ला आणि तोंडातून बुडबुडे सोडणारा प्लास्टिकचा पाणबुड्या. आणि या सगळ्यातून सुसाट पळणारे, वाघासारखे काळे पट्टे असलेले डझनभर छोटे मासे.

"कसं वाटतंय, अक्का?" भाऊ आतून आला. "अप्पा घरी आले की सरप्राइज!"

"म्हातारा कुठाय?" मी विचारलं.

म्हातारा म्हणजे अप्पांचा गोल्डफिश. तळहाताएवढा, केशरी. अप्पांनी शिवणाचं दुकान बंद केलं तेव्हा हा मासा घरी आणला होता, आणि तेव्हापासून सकाळची कॉफी ते त्याच्यासमोर बसून प्यायचे. जन्मभर दुसऱ्यांचे गणवेश शिवलेला माणूस. त्या माशाच्या शेपटीचं त्यांना फार कौतुक. "बघ ग, एवढा घेर, आणि एकसुद्धा शिवण नाही," म्हणायचे.

तो मला किल्ल्यामागे सापडला. तोंड कोपऱ्यात खुपसून उभा होता. शेपटी म्हणून काही राहिलंच नव्हतं. कापड उडून गेलेल्या छत्रीच्या नुसत्या काड्या दिसाव्यात तसं दिसत होतं, आणि त्या काड्यांच्या मुळाशी लाल रेघा. एका बाजूचा परही अर्धा गेलेला. मी बघत होते तेवढ्यात एक पट्टेवाला आला, शेपटीचा उरलेला तुकडा ओढला आणि घेऊन पळाला. म्हातारा हललासुद्धा नाही. हलून उपयोग नाही, हे त्याला कळून चुकलं असावं.

"हे कुणी टाकले आत?"

"दुकानवाल्यानंच सगळं सेट करून दिलं. ॲक्टिव्ह मासे आहेत, अक्का. हॉल कसा जिवंत वाटतो बघ. तो आपला नुसता एका जागी फिरत बसायचा."

"ते त्याची शेपटी खातायत."

भावानं वाकून पाहिलं. खरंच पहिल्यांदा पाहत होता. हॉल रंगवला, दिवे लावले, पाहुण्यांना दाखवलं, मोबाइलवर व्हिडिओ काढले. पण आत काय चाललंय ते पाहिलं नव्हतं. मग सरळ होत तो म्हणाला, "तो म्हातारा झालाय ग. वय झालं की व्हायचंच असं."

हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये, डॉक्टर अप्पांच्या पायाबद्दल बोलून गेल्यावर त्यानं मला हेच ऐकवलं होतं. तेव्हा मी गप्प बसले होते. आता नाही बसले. काय काय बोलले ते सगळं आठवत नाही, पण शेजारच्या घरातला कुकर बंद झाला आणि कुणीतरी खिडकीशी आलं, एवढं आठवतं. मी म्हटलं, जिवंत प्राणी म्हणजे पडदा नव्हे, भिंतीच्या रंगाला जुळला नाही की बदलायला. तो म्हणाला, मी अप्पांसाठीच केलं. मी म्हटलं, अप्पांसाठी केलंस तर त्यांची खुर्ची कुठे फेकलीस? तो म्हणाला, गच्चीवर आहे, फेकली नाही. भावजय दोघांच्या मधे उभी राहून "स्वल्प हळू, स्वल्प हळू" करत राहिली.

मी स्वयंपाकघरातून झाकणाची बादली आणि एक मोठं पातेलं आणलं. बादलीत टँकचंच पाणी भरलं. भाऊ जाळी घेऊन आला, ती मी त्याच्या हातातून काढून घेतली. जाळीत अडकून उरलेले परही फाटतात. पातेलं पाण्यात आडवं बुडवून म्हाताऱ्याला पाण्यासकट हळूच आत घेतलं. पळायचा प्रयत्नसुद्धा केला नाही त्यानं, आणि त्यामुळे मला जास्तच चीड आली.

"अक्का, जेवून तरी जा," भावजय म्हणाली.

"बेडा," मी म्हटलं. आमच्या घराण्याला बेंगळुरात येऊन किती पिढ्या झाल्या कुणालाच नीट ठाऊक नाही. प्रेम आम्ही मराठीत करतो, पण राग आला की नकार कानडीतच येतो.

मी चपला घालत असताना भाऊ मागून म्हणाला, "घेऊन जा. तुझं एकटीचं आहे, तुला वेळ आहे मासे सांभाळायला."

मी वळले नाही. वळले असते तर बादली त्याच्या नव्या सोफ्यावर गेली असती.

मी राहते इलेक्ट्रॉनिक सिटीत, म्हणजे शहराच्या बरोबर दुसऱ्या टोकाला. टॅक्सीवाला बादली बघून म्हणाला, पाणी सांडलं तर सीट खराब होईल. मी म्हटलं, सांडलं तर मी पुसीन, पण गाडी स्वल्प सावकाश चालव, आत जखमी मासा आहे. त्यानं झाकण उचलून पाहिलं, "अय्यो" म्हणाला आणि झाकण परत ठेवलं. मग हेब्बाळपासून इलेक्ट्रॉनिक सिटीच्या उड्डाणपुलापर्यंत एकेक गतिरोधक त्यानं असा ओलांडला की मागचे भोंगे वाजवून वाजवून थकले. बादली मी दोन्ही पायांत धरून बसले होते आणि मनातल्या मनात भावाशी भांडत होते. त्यात मी प्रत्येक वेळी जिंकत होते, तरी राग तसूभर कमी होत नव्हता.

घरी कपडे भिजवायचा मोठा पांढरा टब होता, तो घासून त्यात म्हाताऱ्याला ठेवलं. शेजारच्या पेठेतून हवेचा पंप आणि नळी आणली. तो तळाशी जाऊन बसला. पांढऱ्या टबात त्याची अवस्था आणखीच उघडी पडली. मी स्टुलावर बसून त्याच्याकडे बघत असताना फोनवर भावाचा मेसेज आला.

"अप्पांना यातलं काही सांगू नकोस. त्यांचं बीपी वाढेल. मी सेम टू सेम दुसरा आणून ठेवतो. त्यांना कुठे कळणार आहे."

मी तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला. शेपटी खाल्ली गेली, तो निष्काळजीपणा होता. एखाद्या दिवशी मी तो विसरलेही असते. पण 'त्यांना कुठे कळणार आहे'? ज्या माणसानं आयुष्यभर गिऱ्हाईक दारात उभं राहिल्याबरोबर त्याचा एक खांदा दुसऱ्याहून खाली आहे हे ओळखलं, त्याला रोज डोळ्यांसमोर असलेला मासा बदललेला कळणार नाही? पाय मोडल्याबरोबर माणसाचं सगळंच मोडतं, असं या पोरानं कधी ठरवून टाकलं?

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर मी हॉस्पिटलात गेले आणि अप्पांना सगळं सांगितलं.

बीपीचं यंत्र शेजारीच होतं, त्याच्याकडे माझं लक्ष. मग त्यांनी विचारलं, "मुळं आहेत का?"

"कसली मुळं?"

"शेपटीची. अंगाला जिथे जोडलेली असते तिथे मांस शाबूत आहे का? ते असलं तर वाढते. ते गेलं तर नाही."

"आहे. लाल झालंय, पण आहे."

"मग रडतेस कशाला?" मी रडत नव्हते, पण ते म्हणाले तसं. "रोज अर्धं पाणी बदल. सगळं एकदम नाही, अर्धं. आदल्या दिवशी भरून ठेवलेलं घे. खडेमीठ घाल थोडं, आधी वेगळ्या भांड्यात विरघळवून. खायला अगदी कमी. आणि चिमूटभर हळद टाक."

"हळद नको, अप्पा. पाणी गढूळ होतं, आणि तिचे कण त्याच्या कल्ल्यांत अडकले तर?"

"मी टाकलेली आहे."

"कधी?"

"याच्याबरोबर दुसरा एक आणला होता ना, त्याला लागलं होतं तेव्हा."

"मग त्याचं काय झालं?"

"मेला. पण हळदीनं नाही मेला."

हळद मी टाकली नाही, आणि टाकली असं खोटंही सांगितलं नाही. त्यावरून ते रोज माझ्याशी वाद घालायचे. आमचा वाद चालू असताना एकदा नर्स हसून म्हणाली, बघा, तिकडे मासा बरा होतोय, इकडे तुम्ही. अप्पांनी तिच्याकडे असं पाहिलं की तिनं परत तो विषय काढला नाही. मलाही असली जुळवाजुळव आवडत नाही. माशाला मासाच राहू द्यावं.

आणि मासा बराबिरा काही होत नव्हता. पहिल्या आठवड्यात तर बिघडतच गेला. काड्यांच्या टोकांना पांढरं पांढरं धरू लागलं, मग त्याला कापसासारखी लव आली. तो तळाशी एका कुशीवर पडून राहायचा. तोंड उघडमीट होतंय तेवढ्यावरून जिवंत म्हणायचं. मी ज्या दुकानात औषध मागायला गेले तिथल्या माणसानं मोबाइलवरचा फोटो पाहिला आणि म्हणाला, "गोल्डफिशच आहे ना, मॅडम? नवा घ्या की." मी म्हटलं, नवा घ्यायला आले नाही, औषध घ्यायला आले. तो म्हणाला, सरी सरी, म्हणजे बरं बरं, पण नवा घेतलात तर त्रास वाचेल. ऑफिसात शेजारी बसणारी मुलगी म्हणाली, नवा घ्या ना. माझं घरकाम करणारी बाई म्हणाली, अक्का, नवाच घ्या. या शहराला सगळ्यावर एकच औषध ठाऊक झालंय. तलाव घाण झाला, नवा भाग वसवा. झाड आड आलं, तोडून नवं रोप लावा. एवढ्या सगळ्यांत बरं करायचं असतं ही गोष्टच कुणाच्या डोक्यात येत नाही.

शेवटी निळं औषध मिळालं. त्याचे थेंब टाकल्यावर टबचं पाणी शाईसारखं झालं, टब कायमचा निळा झाला आणि माझी नखंही. मी सॉफ्टवेअर तपासायचं काम करते, दुसऱ्यांच्या चुका शोधायचं. त्या आठवड्यात मी इतक्या चुका शोधल्या आणि इतक्या कडक शब्दांत लिहिल्या की माझ्या वरिष्ठांनी बोलावून घरी सगळं ठीक आहे ना विचारलं. माझे हात टेबलावर होते. ते नखांकडे बघत राहिले. मी म्हटलं, मासा आजारी आहे. त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

उन्हाळा होता. आमच्या सोसायटीची बोअर आटलेली, टँकरवर सगळं चाललेलं. नळाला सकाळ-संध्याकाळ थोडा वेळ पाणी. गाड्या धुवायच्या नाहीत, बाल्कनी धुवायची नाही, अशा सूचना रोज ग्रुपवर यायच्या. मी टबातलं बदललेलं पाणी, ज्या दिवशी त्यात औषध नसेल त्या दिवशी, बादलीनं खाली नेऊन कढीपत्त्याच्या झाडाला घालायची. ते कुणीतरी पाहिलं. एका संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी दारात उभे.

"मॅडम, आम्ही लोकांना गाड्या धुवू देत नाही, आणि तुम्ही माशाला रोज आंघोळ घालता म्हणे?"

मी त्यांना आत बोलावलं आणि टब दाखवला. त्यांनी लांबूनच मान वाकडी करून पाहिलं. "मासाच आहे," ते म्हणाले, जणू मी दुसरंच काही लपवलं होतं.

"त्याचं पाणी मी माझ्या आंघोळीतून काढते," मी म्हटलं. "मी अर्ध्या बादलीत करते. तुमच्याकडे मोजायची सोय असेल तर मोजा."

"तसं नाही, पण लोकांना वाईट उदाहरण जातं."

"खाली पोहण्याचा तलाव भरलेला आहे. त्याचं उदाहरण कसं जातं?"

"ते मेंटेनन्सचं आहे. रिकामा ठेवला तर टाइल्स फुटतात."

"टाइल्स फुटू नयेत म्हणून तळंभर पाणी, आणि एक जीव जाऊ नये म्हणून अर्धी बादली नाही?"

ते म्हणाले, तुम्ही फार रागावता. मी म्हटलं, हो. मी दार लावून घेतलं. खरं तर तो माणूस वाईट नव्हता. पण त्या दिवसांत मला प्रत्येकाच्या तोंडात तेच एक वाक्य ऐकू यायचं, वेगवेगळ्या शब्दांत: एवढं काय आहे त्यात.

अप्पांना मधल्या काळात हॉस्पिटलातून एका केंद्रात हलवलं. तिथे वॉकर धरून चालायला शिकवत. घरी पायऱ्या चढायच्या म्हणून आधी तिथे सराव. मी आठवड्यातून दोन-तीनदा जायची. गेल्यागेल्या ते पहिल्यांदा माझी नखं बघायचे. निळी असली की विचारायचे नाहीत. एक दिवस नुसते म्हणाले, "मेला तर सांग हं. लपवू नको."

"लपवणार नाही."

"तो लपवतोय," ते म्हणाले. तो म्हणजे भाऊ. "रोज येतो. रोज मी विचारतो, म्हातारा कसाय? म्हणतो, एकदम मस्त, अप्पा."

"तुम्ही त्याला सांगितलं नाही, तुम्हाला ठाऊक आहे म्हणून?"

"नाही. बघू, किती दिवस खोटं बोलतो ते."

मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की त्या खोलीत रागावलेली मी एकटी नव्हते. त्यांचा राग माझ्यासारखा उतू जाणारा नव्हता, एवढंच. ते झाकण ठेवून शिजवत होते.

एक सकाळ आली तेव्हा पाण्यातली निळाई ओसरली होती. मी टबावर वाकले तर कापसाची लव गेलेली. म्हातारा सरळ होता, मधोमध, किंचित हलत. आणि काड्यांच्या मधे काहीतरी चमकलं. आधी वाटलं पाण्यावरचा प्रकाश असेल. मी टॉर्च लावून पाहिलं. कांद्याच्या आतल्या पापुद्र्यासारखी पातळ, बिनरंगाची किनार काड्याकाड्यांतून धरली होती. मी जमिनीवर बसले आणि इतके दिवस न आलेलं रडू तेव्हा आलं. तेसुद्धा रागाचंच. इतक्या सोप्या गोष्टी त्याला हव्या होत्या. स्वच्छ पाणी. चिमूटभर मीठ. कुणी न छळण्याइतकी जागा.

मी मटारचा एक दाणा उकडून, साल काढून, कुस्करून टाकला. त्यानं तो खाल्ला. अप्पांना फोटो दाखवला तर त्यांनी फोन डोळ्याजवळ नेला, लांब नेला, पुन्हा जवळ नेला. "डावीकडे कमी येतंय," म्हणाले. "तिथे खाच राहणार." एवढंच.

अप्पा घरी आले त्या दिवशी मी येलहंक्याला आधीच जाऊन थांबले होते. त्यांना अजून पायऱ्या जमत नव्हत्या, म्हणून भावानं त्यांना चाकांच्या खुर्चीसकट वर आणलं, शेजारच्या माणसाची मदत घेऊन. उंबऱ्याशी वॉकर हातात दिला. अप्पा आत आले. नवा रंग पाहिला, कपाट पाहिलं, टीव्ही पाहिला. मग ते एकेक पाऊल टाकत टँकपाशी गेले आणि वॉकरवर रेलून बघत उभे राहिले. आत पट्टेवाले पळत होते, आणि त्यांच्यामधे एक केशरी गोल्डफिश. म्हाताऱ्याएवढाच. शेपटी अजून बरीचशी शाबूत.

"म्हातारा बरा दिसतोय," अप्पा म्हणाले.

"बघा ना!" भाऊ म्हणाला. "मी म्हटलं होतं ना, एकदम मस्त."

"हा तोच?"

"तोच, अप्पा. म्हणजे काय?"

भावजयीनं मान खाली घातली. मी काही बोलणार होते, पण अप्पांनी माझ्याकडे न बघताच एक हात जरासा वर केला.

"माझं हाड मोडलंय रे," ते म्हणाले. आवाज अजिबात चढला नव्हता. "डोळे नाही फुटलेले."

भाऊ पांढरा पडला. मग माझ्याकडे वळला. "तू सांगितलंस."

"तिनं सांगितलं म्हणून मला कळलं, असं वाटतं तुला?" अप्पा म्हणाले. "याच्या पाठीवर बघ. पाठीचा पर पुढे झुकलाय. आपल्याचा सरळ होता. आंधळा असतो तर हात लावून सांगितलं असतं."

आणि मग भाऊ फुटला. इतक्या दिवसांचं सगळं बाहेर आलं. ऑपरेशन चालू होतं तेव्हा बाहेर कोण बसलं होतं? तुमचं भांडं कोण धरत होतं? डॉक्टरांच्या मागे कोण फिरत होतं? मी नोकरी सांभाळून रोज येतो. ही अधूनमधून येते, माशाच्या गोष्टी सांगते, भांडते आणि निघून जाते, आणि चांगली ही! मी घर चांगलं केलं, तुम्ही आल्यावर प्रसन्न वाटावं म्हणून केलं, आणि सगळ्यांना दिसला काय, तर एक मासा!

त्यातलं बरंचसं खरं होतं. मला ते तेव्हाही कळत होतं, आणि म्हणूनच मी जास्त चिडले. तोंड उघडलं तेवढ्यात अप्पा बोलले.

"तू केलंस. कोण नाही म्हणतंय? माझं अंग तू पुसलंस, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. पण अंग पुसलंस म्हणून घर तुझं एकट्याचं झालं का? मी काय बघायचं, कशावर बसायचं, मला काय कळतं, काय नाही, हे सगळं तूच ठरवणार? एकदा विचारायचं होतंस. मी हॉस्पिटलात होतो. स्मशानात नव्हतो."

हॉलमध्ये फक्त पाणबुड्याचे बुडबुडे वाजत होते. अप्पांना उभं राहवेना. भाऊ धावला, त्यांना धरलं. नव्या सोफ्यावर बसवायला गेला तर ते म्हणाले, "तिथे नाही." तेव्हा तो गच्चीवर गेला आणि वेताची खुर्ची घेऊन खाली आला. धूळ होती तिच्यावर. त्यानं ती आपल्या शर्टाच्या बाहीनं पुसली.

त्याच संध्याकाळी पट्टेवाले एका पिशवीत भरून तो दुकानात परत देऊन आला. किल्ला आणि पाणबुड्या गेले. जांभळे दिवे राहिले, पण बंद. बदली आणलेल्या गोल्डफिशला परत पाठवायला अप्पांनी नकार दिला. "त्याचा काय दोष?" म्हणाले. "त्याला कुणी विचारून आणलं होतं?"

म्हाताऱ्याची शेपटी पुरी यायला आणखी बरेच आठवडे लागले. पापुद्रा आधी धुरकट झाला, मग त्यात केशरी रंग झिरपत गेला. डावीकडे खाच राहिली, अप्पा म्हणाले होते तशीच. तेवढ्या जागी कापड कमी पडलेल्यासारखी दिसते. पोहताना तो एका अंगाला जरासा झुकतो. तो त्याच झाकणाच्या बादलीतून मी परत नेला.

अप्पा वेताच्या खुर्चीत बसले होते. त्यांनी मला बादली खाली ठेवायला सांगितली आणि भावाला हाक मारली. "टँकचं पाणी एकेक पेला करून बादलीत घाल. घाई नको. त्याला सवय होऊ दे. मग सोड."

भाऊ स्टूल घेऊन बसला. एक पेला घातला की थांबायचा, अप्पांकडे बघायचा, अप्पांनी मान हलवली की दुसरा. मी दाराशी उभी होते. आम्ही दोघं एकमेकांशी एक शब्दही बोललो नाही. भावजयीनं कॉफी आणली, ती मी घेतली. शेवटी त्यानं पातेलं घेतलं, जाळी नाही, आणि म्हाताऱ्याला हळूच टँकमध्ये सोडलं. दोन केशरी मासे एकमेकांना लांबून पाहत राहिले.

अजून आमच्यात पहिल्यासारखं नाही. 'तुझं एकटीचं आहे' हे मी विसरलेले नाही, आणि त्यानं त्याची कधी माफीही मागितलेली नाही. सणाला जाते, जेवते, अप्पांशी बोलते, येते. परवा दुपारी मी कामात असताना त्याचा फोन आला. मला वाटलं अप्पांना काही झालं.

"अक्का, तो फिल्टरमधला स्पंज धुवायचाय. नळाखाली धुतला तर चालतो का?"

"नाही," मी म्हटलं. "टँकचंच पाणी बादलीत काढ आणि त्यात पीळ. नुसता पीळ, घासू नको."

"सरी," तो म्हणाला. पुढे काहीतरी बोलणार होता बहुधा. मी फोन ठेवला.